फणसाआडचं आभाळ

कापडे गावाच्या वरच्या वाडीत चंद्रभागाबाईचं घर शेवटचं. तिचा नवरा दत्ताराम रोज पहाटे दुधाच्या दोन किटल्या कावडीला लावून पायवाटेने खाली उतरायचा आणि रस्त्यावर पोलादपूरची गाडी पकडायचा. अठरा वर्षं त्यात खाडा नव्हता. दोन हजार सातच्या दिवाळीआधी त्या पायवाटेवर त्याचा पाय घसरला. मानेला मार बसला. परमेश्वराने जीव ठेवला, पण कमरेखालचं सगळं गेलं, डावा हात गेला, आणि उजव्या हाताचा अंगठा तेवढा त्याचं ऐकायचा राहिला.

वाचा गेली नव्हती, पण तो बोलेना. एवढा बोलका माणूस! वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा होता. आता पडवीतल्या बाजेवर पडून आढं बघायचं, एवढंच. भाकरी चतकोरावर आली, मग तीही बशीत राहू लागली.

महाडच्या डॉक्टरांनी वैशाखात चंद्रभागेला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाने होण्यासारखं ते झालंय. ह्यांनी जगायचं सोडून दिलंय, बाई. मन कशात तरी गुंतवा. नाहीतर पावसाळा निघायचा नाही."

येताना गाडीत तिने एकशे आठ वेळा नाम घेतलं. 

घरात जुना टीव्ही होता, पण त्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या. डोंगराच्या कुशीत अँटेना काही पकडतच नव्हती. मुलगा विनोद महाडला एमआयडीसीत कामाला. तो रविवारी आला तोच ठरवून.

"आये, आमचे साहेब जुना कॉम्प्युटर विकायला काढतायत. मोठा स्क्रीन, स्पीकर, सीडी लागते. टीव्हीचं कार्डसुद्धा हाय त्यात. मी शंभर पिक्चर भरून आणतो, गाणी आणतो, तुझी कीर्तनं आणतो. लाईट गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ चालतो."

"आणि ती छत्रीवाली? खाली राहीबाईकडं बसवली ती?"

"डिश? दर महिन्याला भरणा करा, आणि जोराचा पाऊस आला की चित्र बंद. त्या डब्ब्यात भरून ठेवता येत नाय काय. कॉम्प्युटर म्हणजे एकदा घेतला की आपला."

पोराचं खोटं नव्हतं. एक म्हैस विकून आलेल्या पैशात दोन्हीपैकी एकच येणार होतं, तेव्हा चुकून चालणार नव्हतं. चंद्रभागेने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "चालवायचा कुणी?"

"मी हाय ना."

"तू रविवारचा. सोमवारी?"

"तू चालव. शिकवतो की! माऊस धरायचा, बाणावर न्यायचा..."

"आणि मी रानात गेले म्हंजे? तुझा बा बाणाकडं बघत बसंल?"

विनोद चिडला. "बाबांना पण जमेल! थांब, दाखवतो." त्याने पिशवीतून माऊस काढला. साहेबांकडून मागूनच आणला होता बिचाऱ्याने. बाजेजवळ गुडघ्यावर बसून त्याने बापाचा उजवा हात उचलला आणि माऊसवर ठेवला. "बाबा, नुसता सरकवा. हळू."

दत्तारामने हाताकडे पाहिलं. कपाळाची शीर फुगली. मनगट हललं नाही. अंगठा तेवढा माऊसच्या कडेवर वरखाली घसरत राहिला. विनोदने पुन्हा बोटं नीट लावली. पुन्हा घसरली. तिसऱ्या वेळी माऊस गोधडीवरून खाली पडला, आणि दत्तारामने मान भिंतीकडे वळवली. त्या रात्री तो जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा तडक राहीबाईकडे गेली आणि घटकाभरासाठी तिचा रिमोट मागून आणला. काही न बोलता तिने तो नवऱ्याच्या मुठीत बसवला. अंगठा बटणावर गेला. दाबलं. सुटलं. पुन्हा दाबलं. समोर काही दिसणार नव्हतं, तरी तो दाबत राहिला. दूध उतू जाईपर्यंत ती दारात उभी राहून बघत होती.

डिश ठरली. शनिवारी रात्री आल्यावर विनोद म्हणाला, "साहेबांना मी हो सांगून बसलोय, माझी लाज गेली." ती म्हणाली, "जाऊ दे."

पोलादपूरचा यशराज डिश बसवायला आला तो रविवारी सकाळी नऊला. जाणता, कामाचा माणूस. कौलांवर चढला, हातातलं सिग्नल शोधायचं यंत्र फिरवलं, उतरला. गोठ्यावर चढला, उतरला. मागच्या परड्यात गेला. यंत्र वाजेना. बारा वाजता कपाळ पुसत तो अंगणात उभा राहिला आणि फणसाकडे बोट केलं.

"काकी, आपल्याला आभाळ पाहिजे ते ह्याच्या आड. मागच्या बाजूला तर डोंगरच. ही आडवी फांदी गेली तर आत्ता लावून देतो. नाहीतर मग दिवाळीनंतर. पाऊस लागल्यावर मी कौलांवर चढत नाय."

चंद्रभागेच्या अंगावर काटा आला. त्या फणसाखाली राखणदाराचा दगड. घराची, गुरांची, शेताची राखण करणारा देव तो. दरवर्षी त्याला नारळ आणि कोंबडा, आणि त्याला विचारल्याशिवाय झाडाला लोखंड लावायचं नाही. ती ह्या घरात आल्यापासून कुणी लावलं नव्हतं.

"म्हणून सांगत होतो, कॉम्प्युटर," विनोद पुटपुटला. "त्याला ना फांदी आड येत, ना देव."

शेजारच्या घरातून रावजी आला. दत्तारामचा थोरला भाऊ, कमरेला कोयता. धाकट्या भावजयीशी तो कधी समोरासमोर बोलायचा नाही, तशी रीतच होती. चंद्रभागेनेही पदर ओढून खांबाचा आडोसा घेतला.

"विनोद," रावजी म्हणाला, "तुझ्या आयेला सांग, झाडाखाली कोण हाय ते ती इसरली काय?"

"आये, काका म्हणतायत..."

"ऐकलं मी. मोठ्या भावजींना सांग, इसरले नाय. गाऱ्हाणं घालू, विचारू, मगच हात लावू."

"सांग तिला, दत्ता पडल्यापासून राखणदाराचा मान मी करतोय. ह्यासाठी गाऱ्हाणं मी घालायचा नाय! डब्ब्यात नाच बघायला देवाला त्रास देऊ?"

"सांग भावजींना, डब्ब्यासाठी नाय. माणसासाठी."

यशराज उगाच वायरची वेटोळी सारखी करत राहिला. रावजीने कोयता काढला आणि बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. तो कोयता कुणासाठी काढला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

चंद्रभागा पडवीत गेली. बाजेशी वाकली. 

"अवो, ऐकताय ना सगळं? आता तुम्हीच काय ते बोला. मी देवाच्या इरोधात जायची नाय. तुम्ही विचारलंत आणि त्यानं दिलं तर फांदी जाईल. नाय विचारलंत तर हा मनुष्य माघारी जाईल, कॉम्प्युटर येईल, आणि विनोद लावील तेव्हा बघायचं, नाय तर आढं बघायचं. मग मला पण काय करता येणार नाय."

दत्तारामने आढ्यावरची नजर काढून फणसाकडे नेली. गोठ्यात रेडकू ओरडलं.

"उचला," दत्ताराम म्हणाला.

गोधडीची तीन टोकं चंद्रभागेने, विनोदने आणि यशराजने धरली. चौथं टोक लोंबायला लागलं आणि दत्तारामचं डोकं पायरीकडे घसरलं. "संभाळ!" यशराज ओरडला. तेवढ्यात कोयता जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला आणि ते टोक रावजीने धरलं. तो कुणाकडे बघत नव्हता.

दगडासमोर त्याला टेकवून बसवला. चंद्रभागेने नारळ ठेवला, दिवा लावला. दत्तारामने घसा खाकरला.

"बा राखणदारा म्हाराजा... आज तुझ्या पायाशी तुझं लेकरू... चालत नाय आलं, उचलून आणलंय..." आवाज फाटका होता, अनोळखी. "तुझ्या अंगाची एक फांदी मागतोय. हौस म्हणून नाय म्हाराजा. दिवस सरत नाय म्हणून. चुकलं माकलं..."

पुढे त्याला आठवेना. वाडीचं सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ असलेला माणूस ओठ हलवत बसला. डोळ्यांतून पाणी आलं. चंद्रभागेने पदर तोंडात धरला. आता बोलावं तर बाईमाणसाने गाऱ्हाण्यात बोलायचं नसतं, आणि विनोदला तर यातलं काहीच येत नव्हतं. गाऱ्हाणं अर्धवट टाकणं म्हणजे न मागण्याहून वाईट.

"चुकलं माकलं पदरात घे," मागून रावजी म्हणाला. "मागतोय ते दे."

"मागतोय ते दे म्हाराजा," दत्ताराम म्हणाला, "आणि राग काढायचाच तर माझ्यावर काढ. पोरांवर नको."

"व्हय म्हाराजा," रावजी म्हणाला, आणि कोयता तिथेच ठेवून, मागे न बघता आपल्या घरात गेला.

नारळ फोडला. स्वच्छ निघाला. फांदी विनोदनेच काकाच्या कोयत्याने उतरवली, आणि पहिला घाव पडला तेव्हा चंद्रभागेने डोळे मिटून घेतले. ह्याचं पुढे काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. रावजी त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही.

चारच्या सुमाराला कौलांवर यंत्र वाजलं. यशराजने खाली येऊन टीव्ही लावला, रिमोट अंगठ्याखाली ठेवला आणि चहाही न घेता गेला. भजनाचं चॅनेल लागलं होतं. टाळ, मृदंग, समोर फुलांनी मढवलेली मूर्ती. चंद्रभागा हात जोडून टीव्हीपुढेच खाली बसली.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच चित्र बदललं. बातम्या. मग कुणीतरी भाजी करत होतं. मग कुस्ती. तिथे अंगठा थांबला.

"अवो, लागलं होतं ते राहू द्या की! आजच्या दिवशी तरी!"

"सरक गो," दत्ताराम म्हणाला. "दिसत नाय."

सात महिन्यांत तो पहिल्यांदा तिच्यावर खेकसला होता. ती सरकली. भिंतीला टेकून बसली आणि ती दोन उघडी माणसं एकमेकांच्या माना का धरतायत ते समजून घेऊ लागली.