वळलीस की मागे बघ

तोझाई लाइनच्या गाडीत फोन थरथरला तेव्हा मी दाराशी उभी होते. पडद्यावर श्रीधरदादांचं नाव. इथे जपानात गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, आणि इतक्या वर्षांत तो नियम माझ्या अंगात इतका मुरलाय की काय ऐकायला मिळणार हे कळूनसुद्धा मी फोन मुठीत आवळून पुढचं स्टेशन यायची वाट बघत राहिले. फलाटावर उतरून उलटा फोन लावला. "गेली गं मृदुला... पहाटेच," दादा म्हणाले. जिने चढून वर आले तर बाहेर पडायची दारं सगळ्या बाजूंना, आणि आपलं कुठलं तेच मला उमगेना. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

मृदुलाताई म्हणजे दादांची बायको, ऑफिसात माझ्या सीनियर आणि हिगाशी-कसाईत आमच्या समोरच्याच इमारतीत राहणाऱ्या. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आले. लेक शाळेत जायला लागली तशी ताईंनीच मला घराबाहेर काढून आपल्या टीममध्ये घेतलं. ऑफिसात त्या मृदुला-सान, लिफ्टमधून खाली उतरलं की ताई. आमच्या वस्तीच्या नावावरचा विनोद त्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला ऐकवायच्याच. "कसायाच्या दारात आलीस बाई, आता सुटका नाही!" आणि हसता हसता खोकायच्या. दमा जुनाच होता, पण त्याबद्दल चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

मी जातीची भित्री. रस्त्यांच्या बाबतीत तर विचारूच नका, मोठ्या स्टेशनात मला अजून घाम फुटतो. त्यामुळे कंपनीने आम्हा दोघींना कामासाठी जर्मनीला, कासेल नावाच्या गावी पाठवायचं ठरवलं तेव्हा मी तिथले नकाशे धुंडाळायला बसले आणि ताईंना मात्र उकळ्या फुटल्या. "कसाई ते कासेल! आपल्या नशिबात दुसरं काय असणार?" पहिल्याच संध्याकाळी काम आटोपल्यावर त्यांनी मला फोन हॉटेलच्या खोलीत ठेवायला लावला. त्यांचा एक फोन बरोबर होता, तोही पर्समध्ये, तळाशी. "नकाशात डोकं घालून चाललीस तर गाव कधी बघणार?" मग भर चौकात त्यांची शिकवणी सुरू झाली. "वळलीस की मागे बघ. जाताना दिसतो तो रस्ता वेगळा, येताना दिसतो तो वेगळा. माणसं चुकतात ती येतानाच."

तशा आम्ही रोज चालायचो. ट्रामचे रूळ ओलांडून, सरळसोट लांबच लांब रस्त्याने, ज्याच्या टोकाला टेकडीवर एक उंच पुतळा दिसे आणि कितीही चाललं तरी जवळ येत नसे. मी एकदा सायकलवाल्यांच्या पट्ट्यात उभी राहून शिव्या खाल्ल्या. जपानातही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना मी सवयीने उजवीकडे बघायची आणि गाडी नेमकी डावीकडून यायची. ताई दंडाला धरून मागे ओढायच्या आणि म्हणायच्या, "अगं, तुझ्या नवऱ्याला काय उत्तर देऊ?" मला धास्ती, त्यांना गंमत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नदीकाठी गार वारा सुटला आणि ताईंना धाप लागली. बाकावर बसून त्यांनी पर्स उलटीपालटी केली. दम्याचा पंप हॉटेलात टेबलावर राहिला होता. मी म्हटलं, "ॲम्ब्युलन्स बोलवूया." त्यांनी हात हलवला. एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "फोन... माझ्यापाशी असू दे. जास्त वाटलं तर... मीच बोलावते. तू पंप आण. रस्ता... तुला येतो."

मला रस्ता येत नव्हता. निदान मला तसंच वाटत होतं. पळताना कानात त्यांच्या छातीतली घरघर, आणि मनात नको नको ते... परत येईन तेव्हा बाकावर काय असेल? दादांना काय सांगू? तेवढ्यात समोर हिरव्या छताची बेकरी आली, ती मी येताना मान वळवून पाहिली होती. मग गंजलेलं फाटक. मग भिंतीला टेकवलेली, चाक नसलेली सायकल. प्रत्येक वळणावर काहीतरी ओळखीचं उभंच होतं. पंप घेऊन तशीच धावत परतले. ताईंनी दोनदा ओढला, डोळे मिटून बसल्या, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "चुकलीस का कुठे?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

यंदाच्या थंडीत दमा बळावला आणि त्या हॉस्पिटलातून परत आल्याच नाहीत. शेवटच्या भेटीत तोंडावर मास्क होता, बोलणं बंद. निघाले, आणि दाराशी वळताना मागे पाहिलं तर त्यांनी अंगठा उंचावून मला शाबासकी दिली. चेष्टा करायची खोड तेवढी शेवटपर्यंत शाबूत होती.

हल्ली स्टेशनवरून घरी येताना कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, कोपऱ्यावर मी थांबते आणि मागे बघते. लेक जपानीत विचारते, काय बघतेस? मी म्हणते, रस्ता. खरं कारण तिला सांगितलेलं नाही.

अंत्यसंस्काराला आम्ही मोजकीच माणसं होतो. पुण्याहून आईने फोनवर बजावलं होतं, "तिथून निघालात की मागे वळून बघू नका हं. गेलेलं माणूस मागे येतं." दादा मान खाली घालून पुढे चालले होते, बाकीचे त्यांच्या मागे. फाटकापाशी रस्ता वळतो. तिथे माझे पाय अडखळले. आईच्या बोलण्याची भीती वाटत होती, जे मागे राहिलं त्याचीही वाटत होती. सगळे पुढे जाईपर्यंत थांबले, आणि वळून नीट बघून घेतलं. धुराडं, पायऱ्या, दाराशी लावलेली झुडपं.

येत असतील मागे तर येऊ देत. रस्ता त्यांना माहीत आहे.