रेंज नसलेलं घर

मुलीचा फोन आला तेव्हा मी सासूबाईंना कूस बदलून देत होते. त्यांना मी आत्या म्हणते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीचं भांडं द्यायचं, पाठीला पावडर लावायची. हात अडकलेले होते म्हणून फोन उशीजवळ ठेवून स्पीकर लावला.

मुलगी इंग्लंडमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. ऑगस्टात तिला आठवडाभर रजा मिळणार होती.

"आई, तू आणि पप्पा या," ती म्हणाली. "इथल्या खेड्यात एक घर भाड्यानं घेऊ. मी यादी पाठवते, तू निवड."

"मी खेड्यातच राहते की गं. आणखी खेडं कशाला?"

"वेगळं असतं आई. बघ तर खरं."

आमचं घर खुटबावच्या बाहेर, वस्तीवर. चारी बाजूंनी ऊस. तो डोक्यावर गेला की गच्चीवर चढल्याशिवाय रस्तासुद्धा दिसत नाही. त्यात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरची दोन वासरं गेली तेव्हा मालकांनी, म्हणजे मुलीच्या पप्पांनी, ओट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. संध्याकाळी साडेपाचला जाळीचं दार लागायचं, ते उजाडल्यावरच उघडायचं. आत्यांचं करायची माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट भावकीत माझं नाव निघायचं, सून असावी तर अशी. असं नाव निघालं की बाईला हलता येत नाही.

यादीत सात घरं होती. एक ओढ्याकाठची जुनी पाणचक्की. एक चर्चच्या मागं, खिडक्यांवर वेल चढलेलं. एक तर चक्क गोठा होता, त्यात पलंग टाकलेले. राहून गेलेली माणसं खाली काहीबाही लिहून ठेवतात. एकीची तक्रार होती की शेजारचा कोंबडा फार लवकर आरवतो. एकाला उशी मऊ लागली होती. माझं कॉलेज दौंडला झालेलं, इंग्रजी गंजलेलं, पण मी सगळं वाचायची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक घर पाहून व्हायचं.

आत्यांच्या ते लक्षात आलंच. "काय बघती गं येवढं?"

मी फोटो दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ह्यो तर गोठा हाय."

"व्हय. पण आता तिथं माणसं राहतात, सुट्टीला."

"आन् जनावरं?"

"विकली असतील."

"जनावरं इकून पाव्हणं बांधलं व्हय!" त्या पोटभर हसल्या. त्या पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं.

मग रोज दुपारी आमचा तोच उद्योग झाला. पाणचक्की त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "ओल आसंल. छातीत कफ धरंल तुझ्या." जिना असलेलं घर दिसलं की नुसती मान हलवायच्या. वेलीवाल्या घराला म्हणाल्या, "येलात इंचू निघत्यात." मी म्हटलं, तिथं विंचू नसतात. त्यावर, "तू बघून आलीस का?"

मी निवडलं ते घर यादीत शेवटी होतं. डोंगराच्या उतारावर एकाच खोलीचं दगडी घर, पूर्वी मेंढपाळांचं. पुढं उघडं रान आणि आखूड गवत, मैलभर लांबून कुणी येत असलं तरी दिसेल असं. आसपास दुसरं छप्पर नाही. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, इथं मोबाइलला रेंज येत नाही, इंटरनेटही नाही.

मी मुलीला ते कळवलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला. "आई, तिथं रेंज नाहीये. वाचलं नाहीस का?"

"वाचलं."

ती म्हणाली, "बरं, तेच घेते."

मालक शेजारी चहा पीत होते. "आन् हिकडं आईला काय झालं तर तुला कळवायचं कसं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, साधंच. तो विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. कुणाला काही कळवता येणार नाही असे सात दिवस मला हवे होते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मालक येणार नव्हते, त्यांची दीड वर्षाच्या आडसाली उसाची लागण त्याच दिवसांत होती. "तू जा," म्हणाले. पुण्याला जाऊन मी बोटांचे ठसे देऊन आले. व्हिसा लागून पासपोर्ट घरी आला तेव्हा आत्यांनी तो हातात घेऊन माझा फोटो बघितला. "लईच भ्यालेली दिसती," म्हणाल्या.

आत्यांना सांभाळायला माझी नणंद तळेगाव ढमढेऱ्याहून बारा दिवसांसाठी येणार होती. निघायला तीन आठवडे राहिले असताना तिचा फोन आला. "वहिनी, माझा गुडघा लई सुजलाय गं. आईला उचलायला जमायचं न्हाई." ती रडत होती. तिला बोल लावायला जागा नव्हती.

दौंडमधून पगारी बाई मिळाली. कामाची चांगली, हाताला हलकी. दोन दिवस आली. तिसऱ्या सकाळी बांधावरून येताना ओल्या मातीत तिला पंज्यांचे ठसे दिसले, ती तिथूनच मागं फिरली. फोनवर म्हणाली, "ताई, मला ल्हान पोरं हायेत."

मालक म्हणाले, "मी बघतो आईचं. त्यात काय एवढं? भांडं द्यायचं, पाठ पुसायची. मला आई न्हाई का ती?"

मला ते पटलं. खरंच पटलं. एक दिवस करून बघू म्हणून मी सकाळी दौंडला गेले. स्वेटर घ्यायचा होता, एक बॅग घ्यायची होती. दुकानदारानं दहा स्वेटर पसरले, मी उगाचच अकरावा काढायला लावला. रसवंतीत बसून रस प्यायले. एकटी. किती दिवसांनी कुणी मला हाक मारत नव्हतं.

चारला घरी आले. मालक ओट्यावर बसलेले, चेहरा उतरलेला. "सकाळपासून पाणीच घेईना," म्हणाले. "चहा दिला, तोंड फिरवलं. भांडं देऊ का म्हटलं, तर न्हाई लागली म्हणती."

आत गेले. आत्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. मी भांडं दिलं, मग तांब्या तोंडाला लावला. त्या थांबत थांबत सगळा तांब्या प्यायल्या.

"आत्या, असं का केलं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "ल्योक हाय त्यो. त्याच्या म्होरं लुगडं कसं सोडू?" आणि डोळे न उघडताच, "तू जा गं. बारा दिसांत काय हुतंय. मी घोट घोट पिऊन काढीन."

मला भयंकर राग आला. भांडणाऱ्या बाईशी भांडता येतं, दार लावणाऱ्याला ढकलता येतं. इथं माझ्या वाटेत कुणीच उभं नव्हतं. एक म्हातारी मला जा म्हणत होती आणि त्यासाठी तहानलेली राहायला तयार होती. मी मोरीत जाऊन भांडं घासत बसले. ते कधीच स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिले. त्या संध्याकाळी मी मुलीला नाही म्हणून कळवलं.

घर रद्द होत नव्हतं. ती तिच्या मैत्रिणीला घेऊन तिथं गेली. सात दिवस तिचा फोन नाही, मेसेज नाही. ते घर मला पाठ झालेलं होतं. चूल कुठं, खिडकी कुठं, दाराशी बाक. पोळ्या लाटताना मी त्यात फिरायची. आत्या रोज विचारायच्या, "पोरगी काय करीत आसंल आता?" मी सांगायची, बाकावर बसली असेल.

आठव्या दिवशी फोन आला. "आई, नुसता पाऊस आणि वारा गं! पाच दिवस दाराबाहेर पाऊल टाकता आलं नाही. फोन नाही, काही नाही. कोंडून घातल्यासारखं झालं. बरं झालं तू आली नाहीस."

मला आतून बरं वाटलं. आणि पोटची पोर पाच दिवस कोंडली होती याचं आपल्याला बरं वाटतंय, याची लाज वाटली.

दिवाळीला ती आली. तिनं आजीचं सगळं हातात घेतलं. आजीला तिच्यापुढं संकोच नव्हता, तिचं कामच ते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, चार दिवस तुझे. कुठं जायचं तिथं जा."

मला जागा सुचेना. तीन महिने परक्या देशातली घरं बघण्यात घालवली होती, पण चार दिवस म्हटल्यावर डोळ्यांपुढं काही येईना. शेवटी शिरूरकडं भावाच्या घरी गेले. तिथं भावजय रानात निघताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत होती. बिबट्या नरडं धरतो म्हणून तिकडच्या बायका आता तसा पट्टा घालतात. मलाही एक दिला. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर कांद्याच्या वाफ्यात बसले. दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत चालत गेले. सारखं वाटत होतं, कूस बदलायची वेळ झाली. हात आपोआप घड्याळाकडं जायचा.

तिसऱ्या सकाळी मी पिशवी भरली. भावजय म्हणाली, "वन्सं, अजून दोन दिवस हायेत की."

"हायेत," मी म्हणाले, आणि पट्टा सोडून तिच्या हातात दिला. दुपारी घरी पोचले तेव्हा मुलगी आजीचे केस विंचरत होती. मला बघून दोघी एकदमच म्हणाल्या, "का आलीस?"