माझ्याकडे चुकायचं काम होतं

"तू चुकायचं. पण घाई करायची नाही. नीट चुकायचं," सर म्हणाले.

सातवीचा वर्ग. भिंतीवर नवाकोरा स्क्रीन, बोटानं चालणारा. त्यावर भारताचा नकाशा. मला बोटानं गोदावरी काढायची होती. त्र्यंबकच्या डोंगरातून बोट निघणार आणि डावीकडे, जवळच्या समुद्रात जाऊन पडणार. टर्र आवाज होऊन लाल फुली येणार. मग गटप्रमुख ओंकार पुढे येणार, "घाबरू नकोस, चूक झाली तरी चालेल, मी तुला मदत करतो," असं म्हणणार, माझं बोट धरणार आणि उजवीकडे पार बंगालच्या उपसागरापर्यंत नेणार. स्क्रीनमधून टाळ्या वाजणार. शाळा बघायला आलेले पाहुणे म्हणणार, वा, इथं मुलंच मुलांना शिकवतात.

पहिल्या तालमीला माझं बोट आपोआप उजवीकडे गेलं. सरांनी मनगट धरून ते मागे आणलं. "अगं, तुला येत नाही असं दाखवायचंय. तेवढं तरी जमेल ना?" वर्ग हसला. मीही हसले. अजून ते हसणं आठवलं की माझाच राग येतो.

मीच का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही पडली नाही. सर शाळेतल्या दुसऱ्या बाईंना माझ्यासमोरच म्हणाले होते, "हिला घ्या. ऊसतोडीची आहे. चेहऱ्यावरूनच कच्ची वाटते."

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं, भांडी, शेळ्या, सगळं ट्रकमध्ये भरून कारखान्याच्या वाटेला लागतात. मी पाच वर्षं तशीच जात होते, कोपरगावकडे. आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गोदावरीच्या कडेला असायच्या. तिला आमची माणसं गंगाच म्हणतात. सकाळी पाण्याला गेलं की पाणी ज्या बाजूला चाललेलं असे, त्याच बाजूनं दिवस उगवत असे. नदी कुठे जाते ते मी पाच वर्षं रोज बघितलं होतं. आणि आता ते मला येत नाही असं दाखवायचं होतं.

सातवीत मात्र दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला चुलतीपाशी ठेवलं. ट्रकमध्ये चढताना म्हणाले, "यंदा शाळंत डोस्कं चाललं तर फुडं शिकीवतो. न्हाईतर फुडल्या साली कोयता घ्यायचा. मला दोन्ही चालतंय." मला एकच चालत होतं.

ओंकार हा आमच्या टोळीच्या मुकादमाचा मुलगा. कारखान्यावर कोण जाणार, उसाच्या कुठल्या फडात उतरणार, हे मुकादम ठरवायचा. स्क्रीन लोकवर्गणीतून आला होता आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा मुकादमाचा. स्क्रीनखाली त्याच्या नावाची पाटी होती. पाटी लागली त्या दिवसापासून ओंकार गटप्रमुख झाला. मुलांनी गटप्रमुख निवडायचा असतो, असं फळ्यावर लिहिलं होतं. आम्ही निवडला नव्हता.

ओंकारवर माझा राग नाही. त्याला बिचाऱ्याला नदी ठाऊकच नव्हती. हात कसा फिरवायचा ते त्याला पाठ होतं, इतकंच. एकदा मी मुद्दाम बोट ढिलं सोडलं, तर तो मध्य प्रदेशाच्या आसपास घोटाळला आणि सरांकडे बघत राहिला.

मग मी कबूल का झाले? खरं सांगते. मला तो स्क्रीन हाताखाली हवा होता. एरवी त्यावर फुलाफुलांची चादर असायची. चादरीला हात लावला तरी सर ओरडायचे, "डाग पडतील." पाहुणे आले किंवा त्यांच्यासाठी तालीम असली, तरच चादर निघायची. चुकायला का होईना, मला स्क्रीनला बोट लावायला मिळणार होतं. तेवढ्यासाठी मी स्वतःला विकलं. ते मी लपवत नाही.

पाहुणे आले. मी डावीकडे गेले, टर्र झालं, लाल फुली आली. ओंकार घडाघडा बोलला. टाळ्या वाजल्या. एका पाहुण्या बाईंनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "आता आलं ना? शाब्बास." सगळ्याचा व्हिडिओ झाला. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी चुलतीच्या मोबाईलवर दादांचा फोन आला.

"मुकादमानं समद्या फडाला दावला तुझा यिडिओ. त्याचं पोरगं कसं हुशार हाय म्हनून दावला." पलीकडं कोयत्यांचे आवाज येत होते. "पाच वर्सं गंगंच्या कडंला ऱ्हायलीस. नदी कुठं जाती ते बी तुला येईना व्हय गं?"

"दादा, मला येतं. सरांनीच तसं करायला सांगितलं होतं."

"सर कशाला खोटं शिकीवत्याल? काई बी सांगू नगं. तुझ्यात न्हाई ते, तर न्हाई. पुढल्या साली ये इकडं."

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते चिडून बोलतच नव्हते. एखादं औत मोडलं, आता दुसरं बघू, असं बोलत होते. माझी शाळा तिथं, त्या फडात, त्या व्हिडिओवर संपली होती.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "माझ्या वडिलांना फोन करून सांगा, ते नाटक होतं."

सर हसले. "एवढं काय मनाला लावून घेतेस? नाटकात कुणाला तरी कच्चं व्हावंच लागतं. तुझा व्हिडिओ नगरपर्यंत गेला, ते बघ की."

"मग पुढच्या वेळी ओंकारला चुकू द्या."

सरांचं हसू गेलं. "बाळ, स्क्रीन कुणी दिलाय?"

फोन त्यांनी केला नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी जाग्यावर बसलं. मला वाटायचं, नव्या शिक्षणात सगळी सारखी. हातात टॅब, गोल करून बसायचं, पोरांनी पोरांना विचारायचं. पण त्या गोलातसुद्धा कोण शिकवणार आणि कोण चुकणार, ते गावानं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. स्क्रीन नवा आला, बसायच्या जागा त्याच राहिल्या.

कारखान्याचा हंगाम संपला. माणसं परत आली. उन्हाचा कडाका होता, तेव्हाच नगरहून मोठे साहेब शाळा बघायला यायचे ठरले. यावेळी पालकही बोलावले. मुकादम खुर्चीवर. दादा मागं सतरंजीवर, टोपी हातात. सर माझ्या कानाशी म्हणाले, "तसंच करायचं. चांगलं जमलं होतं तुला."

माझं नाव पुकारलं. मी उठले. मी बोट त्र्यंबकवर ठेवलं. मग उजवीकडे निघाले. नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड. नावं तोंडानं घेत गेले. तेलंगण ओलांडलं, समुद्रात पोचले. स्क्रीननं टाळ्या वाजवल्या. त्याला कुणी काही शिकवून ठेवलं नव्हतं.

ओंकार पुढे आला आणि म्हणाला, "घाबरू नकोस, चूक झाली तरी चालेल, मी तुला मदत करतो."

कुणीच हसलं नाही. सर म्हणाले, "अगं, पुन्हा एकदा नीट बघून कर."

मी म्हटलं, "नीटच केलंय. मागच्या वेळी चुकायला तुम्ही सांगितलं होतं. मला येत होतं."

साहेबांनी माझं नीट ऐकलं. हे मी बघितलं, म्हणून सांगते. त्यांना सगळं कळलं. मग ते "छान, छान," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले, तिथं मुलं पाणी गाळायचा प्रयोग दाखवत होती. तेव्हापासून "छान" म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

घरी दादांनी विचारलं, "म्हंजी तुला येत हुतं?"

"येत होतं."

"मग मागल्या टायमाला पाव्हण्यांम्होरं का न्हाई बोललीस?"

दादांनी टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "मुकादमाचं तोंड बघितलंस का? फुडल्या साली त्याच्याच टोळीत जायचंय आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सरांनी माफीनामा मागितला. मी पाहुण्यांसमोर खोटं बोलले, असं लिहून द्यायचं, तरच वर्गात बसायचं. कागद सरांनीच लिहून ठेवला होता. खाली माझी सही तेवढी हवी होती. दादा म्हणाले, "कर सही अन् मोकळी हो." मी केली नाही. सर कागद पुढे सरकवत होते, मी हात पाठीमागे धरून उभी होते. शेवटी दादांनीच मला घरी आणलं.

त्या दिवाळीला मी कोयता घेऊन कोपरगावकडे गेले. एक वर्ष गेलं. हाताला घट्टे पडले. सही न करण्याची किंमत एवढी असते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी केली नसती. वर्षानंतर दुसऱ्या गावच्या शाळेत मीच जाऊन नाव घातलं. दादा आड आले नाहीत. सोबतही आले नाहीत.

आज मी नगरला डी.एड. करते. परवा माझा सरावपाठ आहे, साध्या शाळेत, मोठ्या स्क्रीनवर. आमच्या मॅडम काही वाईट बाई नाहीत. त्या मला समजावत होत्या, "दोन हुशार मुलं आधी तयार करून ठेव. आणि एक कच्चं. म्हणजे पाठ रंगतो."

मी म्हटलं, "मी कुणालाच काही सांगून ठेवणार नाही."

"पाठ फसला तर गुण जातील."

"जाऊ देत."

त्यांना वाटलं, मी हट्टी आहे. आहेच. उद्या मी शाळेवर लागेन. भिंतीवर काय काय लागेल, काय काय निघेल, ते मी थांबवू शकत नाही. पाट्या लागतील, पाहुणे येतील, कुणीतरी माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात माझ्या वर्गातलं एक पोर चुकायला मागेल. मी ते देणार नाही.