मेलेल्यांच्या नावच्या पावत्या

चैतराम मेश्राम बालाघाटात एका टॅक्सवाल्या वकिलाकडं मुन्शी होता. मुन्शी म्हणजे फॉर्म भरणं, तिकिटं चिकटवणं, साहेबापुढं हात जोडणं आणि वकिलाचा चहा सांगणं. ते एक ठीक. पण या बाबाला वरून एक फुकटचा उद्योग जडला होता. वारासिवनीकडच्या खेड्यांत शाळांच्या पालक समित्या निघाल्या होत्या. त्यांची नोंदणी, दरसालचे कागद, टॅक्समाफीचा अर्ज, सगळं हाच रविवारी करून द्यायचा. काहून, विचारलं तर म्हणायचा, "मले नाही म्हणता येत नाही." बायको चंपाबाई होती तोवर ती तरी रागवायची. ती चौसष्टात काविळीनं गेली. तेव्हापासून रागवायलाही घरात कोणी नव्हतं.

सदुसष्ट साली एका गावच्या समितीचा माफीचा अर्ज टॅक्स ऑफिसातल्या साहेबांनी परत केला. त्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. पालकांनी दानात आलेलं धान विकून सहावीचा वर्ग उघडला, मास्तरचा पगारही तेच देत. माफी मिळाली नाही तर पैसा टॅक्सात जाणार, मास्तर जाणार आणि अकरा पोरी घरी बसणार. वारासिवनीला चार कोस कोण धाडतं त्यांना?

साहेब म्हणाले, "चैतराम, दान देनेवाले सब मरे हुए हैं. मुर्दे धान देते हैं क्या? ये नाम काटो, जिंदा आदमी का लिखो, दस्तखत लाओ. सोमवार तक."

चूक म्हटलं तर चूक, नाही तर काही नाही. आमच्याकडं स्वतःच्या नावानं दान देणं म्हणजे मिरवणं. कोणी बापाच्या नावानं देतो, कोणी सासूच्या. समितीचं पावतीबुक फकिरा सांभाळायचा, त्यानं लोकांनी जे नाव सांगितलं ते लिहिलं. एक्केचाळीस पावत्या, एक्केचाळीस मेलेले. चैतरामानंच कागद तपासले होते आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? तेहेतीस नंबरची पावती त्याची होती. पाच रुपये, चंपाबाई मेश्राम.

शनिवारी दुपारी तो पावतीबुक आणि लाल शाईचा पेन घेऊन बसस्टँडवर आला. लोकांना सांगायचं तर आधी आपलं करावं, म्हणून बाकावर बसूनच त्यानं चंपाबाईच्या नावावर रेघ मारली आणि बाजूला स्वतःची सही केली. इतका थकला होता की वाईट वाटायचंही उद्यावर टाकलं.

गावात फकिरा त्याला घरोघर घेऊन फिरला. रविवारची दुपारही त्यातच गेली. लोक कुरकुरले. "बुढ्यानं जल्मात शाळा नाही पाह्यली, बाबू. कागदावर नाव होतं, तेही काटता?" चैतराम म्हणे, "काय करता, काटावं लागते." माणसं गरीब, सरकारी कागदाला भिणारी. चाळीस नावं कटली.

राहिली एक शेवंताबाई. रोजीनं जाणारी विधवा. पायलीभर धान दिलं होतं, पोरीच्या नावानं. अंजना पाचवी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तापानं गेली.

"काटू नका," शेवंताबाई म्हणाली.

"माय, वर्ग बंद पडन."

"मंग काटू नका अन् वर्गही बंद पाडू नका. माही पोरगी याच सहावीत बसनार होती. वर्गात नाही तं पावतीवर बसू द्या. खाली लिहा का आनून देनारी मी हावो."

चैतरामानं तिच्या ओट्यावर बसून पावतीबुक उघडलं. हस्ते. एवढाच तर शब्द होता. लग्नातल्या आहेराच्या वहीत आयुष्यभर वाचलेला. "हस्ते शेवंताबाई" असं लिहून त्यानं तिचा अंगठा घेतला. म्हटलं, साहेब काय म्हणतील ते म्हणोत.

सोमवारी साहेबांनी पानं उलटली. शेवंताबाईच्या पावतीवर थांबले. "ये ठीक है. सबका ऐसे ही लिखवा लेते. काटने की क्या जरूरत थी?" आणि अर्जावर शिक्का मारला.

"जी," चैतराम म्हणाला. पावतीबुक काखेत मारून तो निघाला.

बाहेर फकिरा उभा होता. "झालं का, बाबू?"

"झालं. मास्तरले सांगजो, वर्ग चालू राहीन."

फकिरा हसला, चहा सांगायला वळला. तेवढ्यात चैतरामानं पावतीबुकाचं तेहेतिसावं पान उघडलं. बोटाला थुंकी लावून ती लाल रेघ पुसून पाहिली. रेघ पसरली आणि खालचं चंपाबाईचं नाव दिसत होतं तेवढंही गेलं. बोट धोतराला पुसून त्यानं पावतीबुक फकिराच्या हातात दिलं.