मष्णूच्या हातचे वाटे

बेळगावजवळच्या मच्छे गावात मष्णूला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण तो लेथवर काम करतो म्हणून नव्हे. लेथवाले तिथं पैशाला पासरी. मष्णूचं नाव होतं ते मटणाच्या वाट्यांसाठी.

सणावाराला, आषाढात, कुणाची जत्रा निघाली की चार-सहा घरांनी मिळून बकरं आणायचं, आणि जितकी घरं तितके वाटे केळीच्या पानांवर घालायचे, हा त्या भागातला रिवाज. तराजू आणायचा नाही. आणला तर माणसांवर विश्वास नाही असा अर्थ होतो. मष्णू उकिडवा बसायचा, मांडीचा तुकडा, बरगडी, वजडी, कलेजी, चरबी असं एकेक घेऊन प्रत्येक पानावर टाकत जायचा. मधेच थांबून एखादा तुकडा इकडचा तिकडं करायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला खपत नसे, मग तो सरपंच असो नाहीतर सासरा.

वाटे घालून झाले की एकावर बोट ठेवून तो विचारायचा, "ह्यो कुणाचा?" आणि वाट्यांकडे पाठ करून बसलेला गडी न बघता कुणाचं तरी नाव घ्यायचा. असं एकेक नाव होत जायचं आणि शेवटी उरेल तो वाटा मष्णूचा. म्हणजे घालणाऱ्याला मापात पाप करायची सोयच नाही. पाठ करून बसायचा मान शामूचा. दोघांची शेतं बांधाला बांध लागून, पहिलीपासून एका बाकावर बसलेले, आणि पुढं औद्योगिक वसाहतीत नोकऱ्याही एकाच वेळी लागलेल्या. एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं रुमाल काढावा असं त्यांचं होतं.

अशा दोस्तीला नजर लागायला मोठं कारण लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रविवारी शामूच्या घरी मुलाच्या लग्नाचं बोलायला खानापूरकडचे पाहुणे यायचे होते. सकाळी त्यानं आपला वाटा नेला. संध्याकाळी पाराजवळ पंधरा-वीस माणसं बसलेली असताना तो तरातरा आला आणि मष्णूसमोर उभा राहून ओरडला, "निम्मी हाडं घातलास माझ्या वाट्याला! पावन्यांनी काय चोखत बसायचं? आपल्या मानसास्नी बरा सांबाळतोस रं मष्णू!"

पाहुणे पोरगी द्यायला तयार न होता उठून गेले होते, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मष्णूलाही कळलं. राग कुठला कुठं निघाला हे न समजण्याइतका तो बावळट नव्हता. पण शामूनं एक कानाखाली काढली असती तर तो विसरला असता. हा शब्द त्याला विसरता येईना. स्वतः पाठ करून बसणाऱ्या माणसानं, स्वतःच्या तोंडानं नाव घेऊन उचललेल्या वाट्याबद्दल असं बोलावं?

त्या दिवसापासून मष्णूनं वाटे घालणं सोडलं. त्याची बायको रुक्माबाई म्हणाली, "त्येच्या एकट्यापायी गावाला का शिक्षा?" पण तो बधला नाही. लोक दुकानातून काळ्या पिशवीत किलो-अर्धा किलो आणू लागले. बांधावर दोघांची गाठ पडली की एक जण आभाळ बघायचा, दुसरा चप्पल. मष्णूला शामूची माफी नको होती. मष्णू लबाड नाही, एवढं त्यानं चार माणसांत म्हणावं, इतकंच हवं होतं. आणि खरं सांगायचं तर शामूही हवा होता. संध्याकाळ त्याच्याशिवाय सरत नव्हती.

यंदा नागेंद्र रिटायर झाला. मष्णू-शामूच्या चौकडीतला तिसरा. खडेबाजारातल्या एका पतसंस्थेत कॅशियर होता. त्यानं पार्टी द्यायची ठरवली, आणि ती ढाब्यावर नव्हे. त्याच्या मुलीनं, पूर्णिमानं, बेळगावात नव्या निघालेल्या एका गॅस्ट्रोपबमध्ये, म्हणजे बियरबरोबर झकपक जेवण देणाऱ्या हॉटेलात, टेबल बुक केलं. "शामूला सांगितलंच न्हाय," नागेंद्रनं मष्णूला फोनवर सांगितलं. मष्णूला सांगितलं नाही, अशीच थाप त्यानं शामूलाही मारली होती.

मष्णू इस्त्रीचा शर्ट घालून, चौथा गडी रवळू ह्याच्याबरोबर आत शिरला तर समोर शामू. मागं फिरावं तर दारात नागेंद्र उभा, आणि त्याचं तोंड इतकं केविलवाणं की मष्णूला पुढं जावंच लागलं. उंच स्टुलं, पाय लोंबकळणारी. भिंतीवर एक अख्खी सायकल टांगलेली. "चालती सायकल भिताडाला कशाला मारलीया?" रवळूनं विचारलं. एरवी ह्यावर अर्धा तास हसणं झालं असतं. कुणी हसलं नाही.

बियरचे मग आले. नागेंद्र पेन्शनीबद्दल बोलला, गुडघ्यांबद्दल बोलला, मग त्याचंही बोलणं संपलं. शामूचे केस पार पांढरे झाल्याचं मष्णूच्या लक्षात आलं. रोज चपलेकडे बघत गेल्यावर केस दिसणार कुठून?

शेवटी पूर्णिमानं सांगून ठेवलेली मटणाची मोठी थाळी आली, म्हणजे एक लाकडी फळीच. त्यावर बरगडीचे चाप, सीख कबाब, मिरी लावलेले मांडीचे तुकडे, कलेजी, आणि मधे सजावटीला हिरवा पाला. वाढणारा माणूस अदबशीर होता. चिमट्यानं भराभरा त्यानं चौघांच्या बशा भरल्या आणि मागं सरला.

रवळूच्या बशीत कबाबांची चळत. नागेंद्रला कलेजी. मष्णूला मांडीचे मऊ तुकडे. आणि शामूच्या बशीत तीन बरगड्या आणि पाला.

चौघांनाही ते एकदमच दिसलं. नागेंद्रच्या कपाळाला घाम आला. आता हा उठणार, मग फेकणार, आणि पूर्णिमाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही! पण शामूनं निमूटपणे एक बरगडी उचलली आणि चोखायला लागला.

मष्णूला ते बघवेना. शामू भांडला असता तर सोसलं असतं, पण हा मान खाली घालून हाडं चोखतोय हे सोसेना.

"थांबा," तो म्हणाला. "कुनी खाऊ नका."

त्यानं चौघांच्या बशा ओढल्या आणि सगळं परत फळीवर ओतलं. शेजारच्या टेबलावरची जोडपी माना वळवून बघायला लागली. वाढणारा धावत आला, "सर, सर" करत. "इरली, इरली," असू दे म्हणून मष्णूनं त्याला कानडीत सांगितलं आणि सुरी मागून घेतली. उंच स्टुलावर बसून जमेना म्हणून तो उभा राहिला. पाला बाजूला काढला. मग कबाब कापून, चाप वेगळे करून, कलेजीचे तुकडे पाडून, एकेक घेत फळीवर तो चार वाटे घालू लागला. रवळूनं काहीतरी विचारलं, तर मष्णूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. तीन वर्षं बंद असलेला हात, पण काही विसरला नव्हता. एक चाप इकडचा तिकडं केला, परत मागं आणला. झालं.

त्यानं पहिल्या वाट्याजवळ बोट नेलं आणि थांबला. शामूनं अजून पाठ केली नव्हती.

"फीर की," मष्णू म्हणाला. तीन वर्षांत त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

शामू हलला नाही.

"मी न्हाय फिरत."

"मग? तोंडाकडं बगून वाटा घेत्यात व्हय कुटं?"

"कुनी फिरायचं न्हाय, कुनी नाव घ्यायचं न्हाय." शामूचा आवाज फाटला. नागेंद्र आणि रवळूकडे बघून तो म्हणाला, "त्या दिशी पावनं उटून गेलं आनि मी मोकळा सुटलो ह्येच्यावर. मष्णूच्या हातात लबाडी न्हाय. हुती कवा? मष्णू, तू देशील त्यो माझा रं. हाडं दे, न्हायतर पाला दे."

मष्णूला काय करावं सुचेना. जन्मभर वाटे घातले, पण कुठला कुणाला द्यायचा हे त्याच्या हातात कुणी सोपवलं नव्हतं. त्यानं रवळूचा वाटा रवळूच्या बशीत सारला, नागेंद्रचा नागेंद्रच्या. मग शामूच्या बशीत त्याचा वाटा ठेवला, आणि आपल्या वाट्यातली कलेजी, मांडीचे तुकडे, असेल नसेल ते सगळं उचलून त्यावर घातलं.

"आरं ये, ह्ये जास्त झालं की," शामू म्हणाला. "चुकलास तू."

"न्हाय चुकलो," मष्णू म्हणाला. "मुद्दाम जास्त घातलंय. खा गुमान."