चित्रातल्या आईची नजर

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी निरवांगीला आले, तेव्हा खाटेसमोर बाळकृष्णाचा फोटो लागायला हवा होता. पोटुशी बाई ज्याचं तोंड बघते तसं मूल होतं, असं आमच्याकडं मानतात. पण माझा दादा बारामतीत चित्रकला शिकवायचा आणि त्याचं सगळंच जगावेगळं. त्यानं इटलीतल्या एका जुन्या चित्राची प्रत फ्रेम करून आणली. निळं वस्त्र पांघरलेली मेरी, मांडीवर गुटगुटीत येशू, त्याच्या मुठीत इवलासा पक्षी.

"बाळ ग्वाड हाय, पर आईचं त्वांड का असं उतरल्यालं?" आईनं विचारलं.

"झोप झाली नसंल तिची," दादा म्हणाला.

आम्ही हसलो. मी मात्र दिवसभर तेच बघत पडून असायची. बाळ पक्ष्यात रमलेलं आणि आईची नजर खाली, त्याच पक्ष्यावर. पक्षी कसला, निळा रंग कशाचा, मला काही ठाऊक नव्हतं. पण हे मूल आपल्याला फार दिवस लाभायचं नाही हे त्या बाईला कळलंय, एवढं मला उमगलं. भीती नाही वाटली. उलट ती मला जवळची वाटायला लागली.

माझं बाळ जन्मलं आणि आठवडाही न काढता गेलं. दवाखान्यातून घरी आले तर भिंत मोकळी. चित्रानंच घात केला असं दादाच्या मनानं घेतलं होतं. जुन्या तसबिरी सोडतात तशी त्यानं ती नरसिंहपूरच्या संगमात सोडली. घरात जो तो म्हणायचा, रडू नको, दुसरं होईल. तसं न म्हणणारं एकच तोंड होतं आणि तेच पाण्यात गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही. दादानं त्यानंतर माझ्याकडं कधी चित्र आणलं नाही.

यंदा मला तेच चित्र मोबाइलवर सापडलं. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दादा जेवायला बसला, तेव्हा मी ते त्याच्यापुढं धरलं.

"आता तरी खरं सांग. ती उदास का हाय?"

हातातला घास ताटात ठेवून तो बोलला. "त्यो पक्षी काटं खातो, असं मानायची ती लोकं. पुढं त्या पोराला काट्याचा मुकुट घालून मारलं, त्याची ती खूण. आईला ते आधीच ठावं हाय. तुला कसं सांगणार हुतो मी?"

त्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी घाईनं म्हणाले, "अरं, मला तवाच कळलं हुतं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजी, बाळ पोटात असताना?"

मी समजवायला लागले, पण तोवर तो ताटावरून उठून गेला होता.