भावकीचं बी आणि माझी सही

नोकरीतली शंभर प्रकरणं विसरलो, पण दोन पोती ज्वारीचं ते प्रकरण काल घडल्यासारखं जसंच्या तसं समोर उभं राहतं.

मी तेव्हा नवाकोरा फौजदार. मिशी नीट फुटलेली न्हाय, पण खांद्यावर दोन तारे. अंगात गुण एकच, नकला करायचा. कुणाचंही बोलणं एकदा ऐकलं की शब्दाला शब्द, सुराला सूर. ठाण्यातला सकाळचा चहा माझ्या नकलांवरच संपायचा. आमचे जमादार तर इतके हुबेहूब यायचे, की एकदा त्यांच्याच आवाजात फोन करून मी वरच्या साहेबांकडनं त्यांची रजा मंजूर करून घेतली होती.

मोठा दुष्काळ सरून गेला होता, पण लोकांच्या मनातनं गेला नव्हता. त्या साली हस्ताचा पाऊस बरा झाला. रब्बीच्या पेरणीची गडबड, आणि तेवढ्यात येरमाळ्याच्या अलीकडच्या एका गावात सोसायटीचं गोदाम फुटलं. वाटपाला आलेलं ज्वारीचं बियाणं गेलं. सहा पोती.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचा वॉचमन ठाण्यात आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "सायब, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. बौद्धवस्तीत, शेवटचं घर. दोन पोती. तोंडं सुतळीनं शिवल्याली, वर सोसायटीचा निळा शिक्का. खोटं निघालं तर जीभ छाटा."

जमादार टोपी घालतच उठले. "सायब, खबर गरम हाय. गार होऊ देऊ नका."

"झडतीचं कारण आधी लिहून ठेवायला लागतं ना?"

"मागनं लिहू की. चोर काय आपलं लिहून व्हायची वाट बघतोय?"

पंच म्हणून ठाण्यासमोरचा हॉटेलवाला घेतला आणि त्याच्या शेजारचा सायकलवाला. हे आमचे कायमचे पंच. हॉटेलवाल्यानं जन्मात जेवढे चहा विकले नसतील तेवढ्या आमच्या पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या. जीपमध्ये बसतानाच विचारायचा, "कुठं करू सही?"

घरात एक बाई होती, चाळिशीची. तिचा मालक रानात गेलेला. जीप बघून वस्ती गोळा झाली.

"झडती घ्यायचीय," मी म्हणलं.

"घ्या. घर उघडंच हाय. पण हे पंच कुठले म्हणायचे?"

जमादार म्हणले, "पंच ते पंच. त्यांना काय गाव असतंय?"

"असतंय की. आमच्या वस्तीतली चार माणसं हितं उभी हायती. त्यातली दोन घ्या."

"तू आमाला कायदा शिकवतीस व्हय?"

"माझा भाऊ कोर्टात पट्टेवाला हाय, जमादार. पंधरा वर्षं दारात उभा राहून ऐकतोय. तुमी तर आत जाऊन साक्षी देता, तरी ऐकलेलं दिसत न्हाय."

लोक हसले. मीबी हसलो. हसायच्या ऐवजी तिचं ऐकलं असतं तर हे सगळं तिथंच मिटलं असतं.

आतल्या खोलीत दोन पोती सापडली. वर निळा शिक्का. जमादारांचा चेहरा असा फुलला की लग्नात नवरदेवाचाबी फुलत न्हाय.

"सायब, ते आमच्या भावकीचं बी हाय," बाई म्हणली. "पाच घरांचं बी माझ्याकडंच ठेवतेत. आणि पोती मिलोची हायती. दुष्काळात सोसायटीतनं ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, वाटली न्हाय का? असली शिक्क्याची पोती घरोघर निघतील."

"सगळे चोर असंच म्हणतेत," जमादार.

हॉटेलवाल्यानं सही ठोकली, सायकलवाल्यानं ठोकली, मीबी ठोकली. पोती जीपमध्ये पडली तशी बाई आडवी उभी राहिली.

"काय नेताय त्याच्या यादीची नक्कल द्या."

"ठाण्यात येऊन ने," जमादार.

मग ती माझ्याकडं वळली. आवाज खाली आला. "सायब, रान वापशावर आलंय. चार दिवस वल टिकंल, मग पेरून उपयोग न्हाय. हे बी तुमच्या कोठडीत राहिलं तर पाच घरांनी वर्षभर काय खायाचं?"

मी ड्रायव्हरला चल म्हणलं. जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला तशी ठाण्यातली पोरं मागं लागली. "सायब, कालचा वॉचमन करा की!"

मी मान वाकडी केली, इकडंतिकडं बघितलं आणि सुरू केलं. "सायब, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय... दोन पोती... तोंडं सुतळीनं शिवल्याली..."

पोरं खो खो हसत होती, आणि मी तिथंच अडकलो. शिवलेली? काल जीपमध्ये पोती टाकताना एका पोत्याची गाठ माझ्या हाताला घासली होती.

कप तसाच ठेवून मुद्देमालाच्या खोलीकडं पळालो. कुलूप काढलं. दोन्ही पोत्यांची तोंडं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली! सुतळी न्हाय, शिवण न्हाय. एक पोतं सोडून हात घातला तर कोपरापर्यंत राख. राखेत वाळलेला लिंबाचा पाला, आणि त्यात टपोरी पांढरी ज्वारी. घरचं बी असंच ठेवतेत, कीड लागू नये म्हणून. सोसायटीचं बियाणं तर औषध लावलेलं, लालसर. फिर्याद देताना सोसायटीच्या सचिवानं मला ते दोनदा सांगितलं होतं. वस्तीतला एक जरी पंच असता तरी त्यानं पोत्यात हात घालून तिथल्या तिथं सांगितलं असतं. हॉटेलवाल्याला काय, त्याला साखर आणि पत्तीतलाच फरक कळायचा.

वॉचमनला बोलावून घेतलं. समोर बसवलं आणि त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात त्याला ऐकवलं. गडी दचकला.

"ही शिवलेली पोती कुठं बघितलीस?"

"त्या घरात की, सायब."

"तिथली चिंधीनं बांधलेली निघाली."

"सुतळी सुटली असंल."

"आणि लाल बियाणं पांढरं झालं? वर राखबी आपोआप आली?"

गड्यानं दाराकडं बघितलं.

"सोसायटीत पोती शिवूनच येतेत. त्या घरात तू गेलाच न्हाईस, तू बघितलीस ती चोरीचीच. आता ती कुठं हायती, तेवढं बोल."

दुपारपर्यंत फुटला. सहाच्या सहा पोती त्याच्या मेहुण्याच्या घरी, रिकाम्या कणगीत निघाली. हात न लावता फुटला, याचं मला आजबी कौतुक वाटतं. मी विचारलं, "मग त्या बाईचंच घर का दाखवलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "भावकीचं बी तिथं असतंय, ते गावाला ठाव हाय. आणि त्या वस्तीचं नाव घेतलं की तुमचा लगेच इस्वास बसंल वाटलं."

बसलाच होता.

बाईची पोती जीपमध्ये घाला म्हणलं, तर जमादारांनी हात धरला. "आता आपल्या हातात न्हाय, सायब. जप्तीला तुमची सही पुरते, परत द्यायला मॅजिस्ट्रेट साहेबांचा हुकूम लागतो."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात पोचलो, तर बाई आधीच व्हरांड्यात. तिच्या भावानं दोन अर्ज लिहून दिले होते. एक बी परत मिळावं म्हणून. दुसरा झडती कशी झाली त्याची तक्रार.

जमादार कानाशी लागले. "गुळमुळीत बोला. तपास चालू हाय म्हणा, आठवडा निघून जातोय. खरं बोलला तर आपला पंचनामा आपल्याच गळ्यात."

आठवडा! वल दोन दिवसांची राहिली होती.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "पंच कुठले?"

"ठाण्यासमोरचे, साहेब."

"वस्तीत माणसं नव्हती?"

"होती, साहेब."

"यादीची नक्कल?"

"दिली न्हाय."

"झडतीचं कारण आधी लिहून ठेवलं होतं?"

"मागनं लिहिलं."

"बी परत द्यायला हरकत?"

"अजिबात न्हाय, साहेब. खरा माल सापडलाय. चूक माझी झाली." जमादारांनी डोळेच मिटून घेतले.

हुकूम हातात पडला तशी ठाण्यातनं पोती उचलली आणि जीप अशी पळवली की ड्रायव्हरच देवाचं नाव घ्यायला लागला. बाई मागं, पोत्यांवर बसलेली. वस्तीत आलो. तिथलेच दोघं पंच घेतले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचलं, की हे बी यांचंच हाय, चोरीचं न्हाय, पोलिसांची चूक झाली. बाईनं पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली फोडून बघितला आणि मगच अंगठा न लावता चांगली वळणदार सही केली. रानात तिफण जुंपूनच ठेवली होती. तासाभरात बी वलीत पडलं.

वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. पोलीस झडतीला आले तर अडवू नका, पण पंच शेजारपाजारचे मागा, समोर उभे राहा, आणि नेलेल्या मालाच्या यादीची नक्कल घेतल्याशिवाय गप्प बसू नका. माल परत मागायला कोर्टाचं दार हाय. झडती चुकीची वाटली तर त्याची तक्रारबी तिथं चालते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. शिकलो त्या दिवशी.

निघताना मी जरा लाडात आलो. म्हणलं, "मावशी, बी मिळालं. आता तो दुसरा अर्ज मागं घ्या की. माझ्या नोकरीची सुरुवात हाय."

तिनं पदरानं हातावरची राख पुसली. "सायब, तुमी खरं बोललात, चांगलं केलंत. पण बी पेरायचं होतं, ते मिळालं. घरात शिरलात त्याचं अजून बाकी हाय. तो अर्ज राहू द्या."

अर्ज राहिला. चौकशी झाली आणि माझ्या सर्व्हिस शीटावर पहिला शेरा पडला, ताकीद. पुढं बक्षिसांचे शेरे पुष्कळ मिळाले. ते कशाबद्दल होते, हे सांगायला आज कागद काढून बघावे लागतात.